आधी बघून येणारे आप्पा

आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन व्हायच्या आदल्या दिवशी त्यांच्या खाटेवर जगदाळे आप्पा झोपून आले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माणूस कसा होता ते कळायला सोपं जाईल.

झालं असं, की पालघरच्या एका दवाखान्यात ह्यांचं नाव लागलं होतं. दाखल व्हायचं सोमवारी. रविवारी सकाळी आप्पा आमच्या दारात उभे. "वहिनी, मी पुढे जाऊन बघून येतो. खाट कुठली, संडास किती लांब, पंख्याचं बटण कुठलं." मी म्हटलं, अहो, दवाखाना आहे तो, लग्नाचा हॉल नाही. पण ते गेलेच. गादी दबलेली आहे का हे बघायला खाटेवर आडवे झाले, आणि नेमकी तेव्हाच नर्सबाई आली. तिनं आप्पांच्याच दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, ब्लडप्रेशर लिहून घेतलं आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" आप्पांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, "दोन बटाटेवडे खाल्ले."

संध्याकाळी ही हकिगत ऐकून आमचे हे म्हणाले, "जगदाळे, खाटेवर तुम्ही झोपलात, प्रेशर तुमचं लिहिलं, आता कापूनही तुम्हीच घ्या." आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "पंखा तिसऱ्या बटणावर आहे. आणि खिडकीकडे डोकं करू नका, तिकडनं डास येतात." दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर पंखा तिसऱ्या बटणावरच होता, आणि डासही तिकडनंच येत होते. भूल द्यायला घेऊन गेले तेव्हा हे मला म्हणाले, "ह्या खोलीत मी आधी येऊन गेल्यासारखं वाटतंय." भीती अर्धी झाली होती त्यांची. ती आप्पांनी काल येऊन अर्धी करून ठेवलेली.

आम्ही कुंभवलीत राहायला. कंपन्यांच्या भोंग्यांवर उठणारी आणि झोपणारी वस्ती. कुणी साताऱ्याचं, कुणी सांगलीचं, कुणी जळगावचं, पोटासाठी आलेलं आणि इथंच म्हातारं झालेलं. मी शिफ्टच्या पोरांचे डबे करायची, अजून करते. आप्पा खटावकडचे, एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्या घरी पातेलं पडलं की आमच्याकडे मांजर उठायचं.

त्यांची ही खोड कंपनीतनं आलेली. एका टाकीतला माल दुसऱ्या टाकीत सोडायचा असेल, तर व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी अख्खी पाइपलाइन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघायची. हात पोचेल तिथं हात फिरवायचा. मधे कुणी तोंड उघडं ठेवलंय का, लाइन भलतीकडेच तर गेलेली नाही ना, हे बघितल्याशिवाय माल सोडायचा नाही. ह्याला ते 'लाइन चालणं' म्हणायचे. "कागदावर लाइन सरळ असते वहिनी," ते मला म्हणाले होते, "कंपनीत गेल्यावर ती कुणाच्या तरी डोक्यावरनं गेलेली असते."

मग हा माणूस सगळंच आयुष्य लाइन चालल्यासारखं जगायला लागला. बाकीचे लोक 'बघू' म्हणाले की समजायचं, काम होत नाही. आप्पा 'बघू' म्हणाले की चपला पायात सरकवायला लागायचे. आमच्या स्मिताचं बारावीचं केंद्र पालघरला आलं, तर आधीच्या रविवारी तिला घेऊन गेले. शिपायाला गोड बोलून वर्ग उघडायला लावला. तिच्या बाकावर तिला बसवलं आणि स्वतः शेजारच्या बाकावर बसून राहिले, ऊन कुठपर्यंत येतं ते बघत. पंखा घरघरतो म्हणाले, तो ऐकून घे आता, म्हणजे पेपरात दचकणार नाहीस. पोरगी माझी भित्री. पण त्या पेपराला बसताना तिला म्हणे पंख्याचा आवाज ओळखीचा वाटला आणि हसू आलं.

उजव्या पायाला पँटीवर कायम एक रबरबँड. सायकलच्या साखळीत कापड जाऊ नये म्हणून लावलेलं, ते लग्नाच्या पंगतीतही तसंच. शालनबाई, म्हणजे त्यांची बायको, ब्लाउज शिवायच्या आणि तोंडानं त्याहून बारीक टाके घालायच्या. त्या म्हणायच्या, "मला बघायला दोनदा आले होते हे. पहिल्यांदा घरच्यांबरोबर. दुसऱ्यांदा एकटेच, आमच्या गावची एसटी वेळेवर सुटती का ते बघायला. वऱ्हाडाचा खोळंबा नको."

"सुटत होती ना?" आप्पा म्हणायचे.

"सुटत होती. तीच चुकली माझी."

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते.

आप्पा रिटायर झाले त्या वर्षी त्यांच्या मुलानं पुण्याहून एक सायकल पाठवली. जाड टायरची, डोंगरात चालवायची. पुढच्या चाकाला स्प्रिंगा. आप्पा जन्मभर कंपनीत सायकलनंच गेलेले, पण ही बघून गडबडले. आठवडाभर तिच्याकडे नुसतं बघत बसले. मग एका सकाळी निघाले, ते थेट मनोरच्या अंगाला डोंगरापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा कानापर्यंत लाल माती, आणि चेहरा असा, की शालनबाई म्हणाल्या, "कुणी भेटली होती का काय डोंगरात?"

चारपाच वर्षं चांगली गेली. मग एक दिवस ते डबा न्यायला माझ्या ओट्यापाशी आले आणि कडेला रचलेल्या डब्यांची चळत त्यांच्या कोपरानं खाली आली. सगळं घरभर वरण. मी चेष्टा केली. ते खाली बसून झाकणं गोळा करत म्हणाले, "वहिनी, कडेचं दिसेना झालंय."

काचबिंदू निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की समोरचं दिसतं पण कडा झिजत चालल्यात, दोन्ही डोळ्यांच्या. गेलेलं परत येत नाही. थेंब टाकून राहिलंय ते धरून ठेवायचं, किती दिवस धरेल ते सांगता येत नाही. पाइपातनं बघितल्यासारखं दिसायचं त्यांना. हे सांगताना मात्र ते स्वतःच हसले. "जन्मभर पाइप बाहेरनं बघितले, आता आतनं बघतोय." बाजारहाटाला घेतलेली स्कूटर त्यांनी त्याच आठवड्यात विकली. हायवेला सायकल नेणं बंद केलं. कुणी सांगायची वेळ आली नाही.

आणि ह्या अशा वर्षी मासवणच्या बाजूच्या डोंगरात सायकलींची शर्यत भरणार असल्याचं कळलं. डोंगरातल्या वाटेनं गोल फेरा, सहा तास मारत राहायचा. जो तीन फेरे पुरे करेल त्याला पदक. भराडा नदीकाठच्या मैदानातनं सुरू, मग सागाच्या झाडीतनं चढ, वर गवताचा मोठा माळ, माळ ओलांडला की दगडांचा तीव्र उतार, आणि पाड्यावरनं परत मैदानात. थंडीच्या तोंडावर शर्यत, आणि नवरात्रापासून वाट बघायला खुली.

आप्पांनी मला सांगितलं, "एकदाच करायचीय वहिनी. पुढच्या वर्षी पाइप केवढा राहील काय माहीत."

शालनबाई दोन दिवस शिलाई मशीन खडखडवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जावा. पण डोळ्यांचं त्यांना सांगून जायचं. लपवून जाणार असाल तर दोन्ही चाकांची हवा सोडीन, आणि पंप विहिरीत टाकीन."

तर पहिल्या पाहणीला आम्ही तिघं गेलो. ओळखीच्या टेम्पोत मागं सायकल, पुढं आम्ही दोघी. शर्यत भरवणाऱ्यांत प्राजक्ता म्हणून एक मुलगी होती, पालघरची दातांची डॉक्टर. आप्पांनी तिला सरळ सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "काका, मागून जोरात येणारा तुम्हाला दिसणार नाही ना?"

"मागचं कुणालाच दिसत नाही, बाई."

ती हसली, पण हो म्हणाली नाही. "मला तुमच्या मागोमाग एक फेरी मारू द्या," म्हणाली. मग आप्पा त्या दिवशी काही फेरी मारायला तयार होईनात. आधी अख्खी वाट चालले, सायकल हातात धरून. चढ, माळ, उतार, सगळं. खाली आल्यावर उलट्या बाजूनं परत चालले. पुढच्या रविवारी तसंच. शालनबाई आणि मी माळाच्या तोंडाशी एका दगडावर बसून गुळाच्या दशम्या खायचो. वर गवत माणसाच्या खांद्याला लागेल एवढं, आणि त्यातनं ती हातभर रुंद वाट. आप्पा आत शिरले की दिसेनासे व्हायचे, फक्त गवताचे शेंडे हलत जायचे. झाड एकही नाही, म्हणून शर्यतवाल्यांनी वळणावळणाला गवताच्या जुडीलाच पिवळ्या फिती बांधलेल्या.

पलीकडच्या पाड्यावरची लाडकीबाय तिथं बकऱ्या घेऊन यायची. वयानं आमच्याएवढी, अंगानं काडी, आणि कलेक्टर समोर आला तरी त्याला 'तू'च म्हणेल अशी. तिनं आप्पांना दोन रविवार बघितलं. तिसऱ्या रविवारी राहवलं नाही.

"दर आयतवारी येतो, वाकून वाकून बघतो. काय हरवलाय तुजा?"

"काही नाही बाय. वाट बघतोय."

"वाट बघाया काय, ती काय पलून जाते?"

तेव्हा आम्ही सगळे हसलो.

चौथ्या रविवारी आप्पा सायकलवर बसले आणि प्राजक्ता त्यांच्या मागनं निघाली. खाली आली तेव्हा ती शालनबाईंना म्हणाली, "काकू, ह्यांना दगड न् दगड पाठ आहे." गवतात त्यांनी कसं जमवलं हे तिला कळेना. आप्पांनी सांगितलं, "दोन्ही कोपरांना गवत लागतं ना. दोन्हीकडे सारखं लागलं की आपण मधे. पाइपलाइनला हात लावून चालल्यासारखं आहे." तिनं मग हो म्हटलं. तीन अटी घातल्या. सगळ्यात शेवटी सुटायचं. अंगात भगवं जाकीट घालायचं, म्हणजे मागचे हाक मारून पुढे जातील. आणि दगडांचा उतार सायकलवर बसून उतरायचा नाही, चालत उतरायचा, काही झालं तरी.

"काही झालं तरी," आप्पा म्हणाले.

त्यानंतर दिवाळी आली. फराळ, पाहुणे, मुलगा-सून आले, तीन रविवार जाणं झालं नाही. शर्यतीच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनाच पाहणीला बोलावलं होतं. मुंबईच्या, नाशिकच्या गाड्या, टपावर सायकली. आम्ही टेम्पोतनं उतरून माळाच्या तोंडाशी गेलो, तर माळ बोडका.

म्हणजे काय सांगू तुम्हाला. गवत नाहीच. जिकडे बघावं तिकडे वीतभर पिवळे खुंट, कंगव्याच्या दातांसारखे. वाट कुठं न् काय कुठं, काही कळेना. फीत एक नाही. पंधरा-वीस सायकलवाले एका जागी उभे, मोबाइल वर धरून रेंज शोधत. आणि लांब कडेला पाड्यावरच्या बाया भारे रचत होत्या, आणि भाऱ्यांतनं पिवळ्या फिती लोंबत होत्या. एक फीत एका बकरीच्या तोंडात.

प्राजक्ता धावत गेली. "अहो मावशी, ह्या फिती आम्ही बांधल्या होत्या. शर्यतीच्या वाटेला."

लाडकीबायनं भारा खाली ठेवला. "तू बांधला काय? आमाला काय ठावं. गवताचा व्यापारी येतो ना, तो घेतला तेवढ्या तुकड्याला चिंधी बांधून जातो. आमी बोललो, यंदा शेठ लवकर आला, नि चिंध्या पन नव्या कोऱ्या आनल्या. म्हनून तुमचाच गवत पयला कापला."

म्हणजे ज्या वाटेला खुणा केल्या होत्या, बरोबर तीच वाट सगळ्यात आधी साफ केली होती. प्राजक्ता खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. लाडकीबाय तिला म्हणाली, "हसते काय, शेठ आला नाय तर गवत तू घे." मग कुणीतरी गावात चुना आणायला गेलं, माळावर चुन्याच्या खुणा करायचं ठरलं. सगळ्यांचं भागणार होतं.

आप्पांचं भागत नव्हतं. ते सायकल धरून खुंटांच्या काठावर उभे होते. शालनबाई जवळ गेल्या. "काय झालं?"

"लाइन गेली, शालन. हातच कुठं लागत नाही."

चुन्याची खूण समोर आली की त्यांना दिसायची. पण एका खुणेपासून दुसरीपर्यंत मोकळं रान, आणि कडेचं तर दिसायचं नाही. चारदा निघाले आणि चारदा खुंटांत गेले. प्राजक्ता बघत होती. ती जवळ आली आणि फार हळू म्हणाली, "काका, आजच्या दिवसात माळ सरळ ओलांडता आला तर ठीक. नाहीतर ह्या वर्षी तुम्ही पाण्याच्या टेबलावर बसा. मी तुम्हाला पाडलं असं मला व्हायला नको."

"बरोबर आहे तुझं," आप्पा म्हणाले. आणि सायकल घेऊन जरा लांब गेले.

मी दशमी हातात धरून बसले होते, ती तशीच राहिली. आप्पा पुन्हा निघाले, पुन्हा खुंटांत. उतरले, परत. पुन्हा खुंटांत. मग मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं, कारण आता ते मुद्दामच खुंटांत जात होते. वाटेवरनं खुंटांत, खुंटांतनं वाटेवर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नाशिकचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. शालनबाई त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, की ते जाऊन सायकलला तेल घालायला लागले.

मग आप्पांनी हाक मारली. "वहिनी, शालन, इकडे या. बोलू नका, ऐका."

आम्ही गेलो. ते वाटेवरनं गेले, काही आवाज नाही, मातीवर नुसतं सुर्र. जरासे डावीकडे सरले, आणि टायरखाली खुंट करकरायला लागले. कर्र, कर्र. परत वाटेवर, सुर्र.

"गवत लागायचं ते आता वाजतंय," ते म्हणाले. तोंडावर घाम, आणि हसू असं, की मला ती लाल मातीनं भरलेली सकाळ आठवली.

त्या दिवशी ते माळ दुपारपर्यंत ओलांडत राहिले. खुंटांनी एक टायर पंक्चर केलं, ते काढलं, पुन्हा निघाले. शेवटी प्राजक्ताला म्हणाले, बघ आता. ती माळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. आप्पा निघाले. मधे दोनदा करकरलं आणि दोन्ही वेळा लगेच थांबलं. तिच्या पुढ्यात जाऊन त्यांनी ब्रेक दाबला.

"जाकीट विसरू नका," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी आम्हाला दोघींना माळाच्या पलीकडच्या तोंडाशी पाण्याच्या टेबलावर बसवलं. लिंबाचं सरबत, उकडलेली रताळी, केळी. तिथनं दगडांचा उतार सुरू व्हायचा आणि खाली मैदान, घड्याळ, शिट्टी घेतलेला माणूस, सगळं दिसायचं. मी एवढी माणसं एवढ्या वेगानं डोंगरातनं जाताना कधी बघितली नव्हती. प्रत्येकाला शालनबाई विचारायच्या, "भगवं जाकीट किती मागं हाय?" पोरं धापा टाकत सांगायची, "येतायत, येतायत काकू."

पहिल्या फेऱ्याला ते आले, रताळं खाल्लं, उतार चालत उतरले. दुसऱ्याला आले तेव्हा गुडघा खरचटलेला. "हरिणासारखं काहीतरी आडवं गेलं," म्हणाले. लाडकीबाय एव्हाना बाया घेऊन तमाशा बघायला येऊन बसली होती. ती म्हणाली, "हरीन कसला, माजी बकरी ती."

तिसऱ्याला वेळ लागला. खाली मैदानात लोक आवराआवर करायला लागले. शालनबाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग माळावर लांब एक भगवा ठिपका दिसला. वारा पडला होता, त्यामुळं आम्हाला ऐकू येत होतं. सुर्र चाललेलं. मधेच कर्र. शालनबाईंनी माझा हात दाबला. बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा सुर्र. लाडकीबायही मान लांब करून ऐकत होती.

ते उताराच्या तोंडाशी पोचले तेव्हा शिट्टीला अगदी थोडा वेळ उरला होता. सायकलवर बसून उतरणारा माणूस वेळेत पोचला असता. चालत जाणारा पोचला नसता. हे आम्हाला दिसत होतं, खालच्यांना दिसत होतं, आप्पांनाही माहीत असणार, कारण ती वाट ते उलट-सुलट किती वेळा चालले होते.

ते थांबले. पाय खाली टेकले. आणि सायकलवरनं उतरले.

आता गंमत बघा. जिनं पंप विहिरीत टाकायची धमकी दिली होती ती बाई टेबलामागनं पुढे झाली आणि ओरडली, "अहो, बसा की! बसा की वर, कोण बघतंय!"

आप्पा मान न वळवता म्हणाले, "मी म्हटलं होतं काही झालं तरी."

"काय हट्ट म्हणावा हा!"

"शालन, दगड ओला आहे तिथं, तू येऊ नकोस मागं."

पण त्या गेल्याच. आप्पा पुढं, एका हातात सायकल, आणि मागनं शालनबाई साडी वर खोचून, बडबडत. मी वरनं बघत होते. ते अर्ध्या उतारावर असताना शिट्टी वाजली. आप्पांचा पाय क्षणभर थांबला, एवढंच. मग तसेच दगड मोजून पाऊल टाकत खाली गेले, सपाटीला लागल्यावर सायकलवर बसले आणि मैदानातनं शेवटच्या रेषेपर्यंत गेले. उभे होते तेवढे लोक टाळ्या वाजवत होते, नाशिकचे दोघंही. प्राजक्तानं यादीत दोनच फेरे लिहिले. तिनं ते त्यांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. पदक नाही मिळालं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते सनस्क्रीनवर ढकलत होती.

मी खाली पोचले तेव्हा आप्पा जमिनीवर पाय पसरून बसले होते. लाडकीबाय त्यांच्यासमोर उकिडवी बसलेली.

"एवढे आयतवार शोधत होता," ती म्हणाली. "गावला काय?"

"गावलं," आप्पा म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांनी शर्यतीचं नाव काढलं नाही. पाहणीला मात्र गेले, प्राजक्ताबरोबर चालत, आणि फिती कुठं बांधायच्या ते लाडकीबायला विचारून आले. डोळ्यांतलं धरून ठेवायचं तेवढं थेंबांनी धरलं, पण पाइप बारीक होत गेला. मुलगा म्हणाला, पुण्याला या. शालनबाईंनी मशीन बांधायला काढली.

टेम्पो यायच्या आदल्या सकाळची गोष्ट. मी मेथी निवडत दारात बसले होते. बघते तर गल्लीच्या टोकाकडनं आप्पा येत होते. डोळ्यांवर मोठा रुमाल, मागं घट्ट गाठ मारलेला. डावा हात कंपाउंडच्या भिंतीवर. पँटीला रबरबँड. भिंतीवरनं बोटं सरकवत, पाऊल टेकून, मग दुसरं पाऊल. नळापाशी भिंत तुटलीय तिथं त्यांचा हात हवेत राहिला. तेवढी जागा त्यांनी नळाच्या थेंबांचा आवाज ऐकत पार केली आणि पलीकडची भिंत धरली. शालनबाई चार पावलं मागं होत्या, हाताला पिशवी. धरायला हात पुढं केलेला नाही, नुसत्या चालत होत्या, आणि वाटेतल्या पोरांना डोळ्यांनीच बाजूला करत होत्या.

ते माझ्या दारासमोर आले आणि थांबले. नाक वर केलं.

"वहिनी, मेथी?"

"मेथी," मी म्हटलं. "हे काय चाललंय, आप्पा?"

"काही नाही. जायचंच आहे तिकडं, तर आधी एकदा बघून येतो."

रुमाल त्यांनी काढला नाही. हात भिंतीवर ठेवला आणि पुढं निघाले. कोपऱ्यावर वळण येतं, तिथं भिंत संपते. मी उठून उभी राहिले. तिथं त्यांनी हात काढला, जरा थांबले, मान तिरकी करून काहीतरी ऐकलं, आणि बरोबर डावीकडे वळले. मागनं शालनबाई वळल्या, आणि वळता वळता त्यांचं बोलणं ऐकू आलं, "एसटी वेळेवर सुटली बरं का. ह्या खेपेला चुकली नाही माझी."